आधी दार, मग भिंत

मागच्या लेखात आपला कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची दोन चाकांवरची खोली, सांगाड्यापर्यंत आला होता. चॅसी तयार, तळाचं प्लायवूड बसलेलं, भिंती अजून कापायच्या. लेख वाचून बऱ्याच जणांनी विचारलं, ‘आता भिंती, छप्पर, खिडक्या, आणि दार सगळ्यांत शेवटी, बरोबर ना?’ घर बांधताना हा क्रम चालतो. ट्रेलरमध्ये तो उलटा करावा लागतो. दार आधी ठरवायचं, शक्य असेल तर हातात घ्यायचं, आणि मग त्याच्या मापाने भिंत कापायची.

कारण साधं आहे. खिडकी दोन इंच इकडेतिकडे झाली तर फारसं बिघडत नाही. पण दाराच्या मापावर छपराची उंची ठरते, दाराच्या जागेवर पलंग आणि ओटा ठरतो. आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट ठरते: सहलीला कोण येणार.

वाकून की उभं राहून?

घरगुती कॅम्परचा सगळ्यांत लाडका आकार म्हणजे टिअरड्रॉप, पाण्याच्या थेंबासारखा. अमेरिकेत १९३०च्या दशकापासून लोक असे ट्रेलर स्वतः बांधताहेत. १९४७ साली ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकात त्याचा आराखडा छापून आला आणि त्यावरून असंख्य लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये ते उभे केले. आकार देखणा, वजन कमी, वाऱ्याला अडथळा कमी. दार मात्र कमरेएवढं. आत शिरायचं म्हणजे आधी बूड टेकायचं, मग पाय आत घ्यायचे आणि गादीवर सरकायचं.

पंचविशीत यात गंमत वाटते. आमच्याकडे आराखडा टेबलावर पसरला तेव्हा बाबांनी चष्मा वर करून तो पाहिला आणि म्हणाले, ‘‘छान आहे. पण मला रांगत जायचं असेल तर तुम्ही तिघं जाऊन या.’’ त्यांचे गुडघे गेली चार-पाच वर्षं कुरकुर करतात. ते रागावले नव्हते, फक्त हिशेब सांगत होते. कमरेएवढं दार लावलं असतं तर ट्रेलर तिघांचा झाला असता, उभं दार लावलं तर चौघांचा. तुमच्या घरात कोणी गुडघेदुखीचं, गरोदर किंवा काठी घेऊन चालणारं असेल तर हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्याच दिवशी विचारा. छप्पर बसल्यावर दाराची उंची वाढवता येत नाही.

उभ्या दाराची किंमत मोजावी लागते. छप्पर वर जातं, समोरून वारा जास्त अडतो, गाडीचं इंधन जास्त जळतं. आम्ही मधला मार्ग घेतला: दाराची उंची १६० सेंमी, रुंदी ६० सेंमी. आत शिरताना मान थोडी झुकवावी लागते, गुडघे वाकवावे लागत नाहीत. जुन्या वाड्यांची दारं आठवा, मान लववून आत जायची सवय आपल्याकडे नवी नाही.

दाराबरोबर पायरीचाही विचार करा. आमच्या ट्रेलरचा तळ जमिनीपासून ५० सेंमीवर आहे. एका दमात तेवढं चढणं म्हातारपणी अशक्य. मध्ये दोन पायऱ्या टाकल्या की १७-१७ सेंमीचे तीन टप्पे होतात, म्हणजे घरातल्या जिन्याइतकेच. आणि दाराच्या आतल्या बाजूला, चढताना हात सहज जाईल अशा ठिकाणी एक भक्कम मूठ. ही मूठ भिंतीच्या पातळ पत्र्यावर नव्हे, चौकटीच्या नळीवर बसली पाहिजे. तिच्यावर माणसाचा पूर्ण भार येतो.

डावीकडे, आणि बिजागरी पुढे

दार कुठल्या बाजूला? भारतात आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, म्हणून दारही डावीकडेच. गाडी कडेला लावल्यावर सहा वर्षांची मुलगी उडी मारून उतरते ती फुटपाथवर किंवा गवतावर उतरली पाहिजे, ट्रकच्या वाटेवर नव्हे. ब्रिटनमधल्या कॅरव्हॅनना दार डावीकडे असतं ते याच कारणाने, आणि अमेरिकेत ते उजवीकडे असतं तेही याच कारणाने.

परदेशी आराखडे आणि दारं वापरताना खरी अडचण इथे येते. ट्रेलरचं दार बाहेर उघडतं आणि त्याची बिजागरी पुढच्या, म्हणजे गाडीकडच्या बाजूला असावी लागते. चालत्या गाडीत खटका निसटलाच तर समोरून येणारा वारा दाराला मिटलेलं ठेवायला मदत करतो. बिजागरी मागे असेल तर तोच वारा दार फाडून उघडतो. आकडा काढून पाहा: ताशी ८० किमी वेगात ६० बाय १६० सेंमीच्या पूर्ण उघडलेल्या दारावर साधारण ३० किलोंचा रेटा येतो. बिजागरीचे स्क्रू उपटायला आणि मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर दार भिरकावायला तेवढा पुरतो.

आता अमेरिकी दार डोळ्यांसमोर आणा. ते ट्रेलरच्या उजव्या भिंतीसाठी असतं, त्यामुळे बाहेरून पाहिलं तर बिजागरी उजव्या हाताला. हेच दार आपण डाव्या भिंतीत बसवलं की बिजागरी मागे जाते. उलटं करून बसवलं तर बिजागरी पुढे येते, पण वरची पावसाची पट्टी खाली येते, खिडकी गुडघ्याशी जाते आणि कुलूप नको त्या उंचीवर. म्हणून तयार दार मागवायचंच असेल तर माप विचारण्याआधी बिजागरी कुठल्या हाताला आहे ते विचारा. दुसरी गोष्ट भिंतीची जाडी. ही दारं बाहेरची आणि आतली अशा दोन कड्यांमध्ये भिंत चिमटीत धरून बसतात. ज्या जाडीसाठी ती बनवलेली असतात त्याच जाडीची भिंत लागते.

काही जण विचारतात, मागच्या भिंतीत दार का नको? सोय दिसते खरी. पण चालत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूळ, धूर तिथेच ओढला जातो. आमच्याकडच्या गावरस्त्यांवर मागचं दार म्हणजे लाल मातीला आमंत्रण. शिवाय ट्रेलर मागे घेऊन झाडाला किंवा भिंतीला टेकवला की दारच बंद.

चार पर्याय

तयार दार हा पहिला पर्याय. उरले तीन.

दुसरा: भंगार बाजारातलं जुन्या व्हॅनचं किंवा रुग्णवाहिकेचं दार. मजबूत असतं, पण जड असतं आणि बहुतेकदा बाक असलेलं असतं. आपली भिंत सपाट. ते बसवायचं तर भिंतीलाही तसाच बाक द्यावा लागतो. मात्र तिथे गेलात तर रिकाम्या हाताने येऊ नका. गाडीच्या दाराचा खटका दोन टप्प्यांत अडकतो. दार पूर्ण मिटलं नाही तरी पहिल्या टप्प्यावर धरून राहतं. असा खटका आणि त्याची चौकटीवरची जोडी दोन्ही सुस्थितीत मिळाली तर घेऊन ठेवा. घरच्या कुठल्याही कडीपेक्षा तो रस्त्यावर भरवशाचा.

तिसरा: घरचंच दार. न्हाणीघराला लावतो ते पीव्हीसीचं, ॲल्युमिनियम सेक्शनचं किंवा लाकडी फ्लश डोअर. सहज मिळतं, म्हणून मोह होतो. फ्लश डोअर ३० मिमी जाडीचं असेल तर अडीच बाय सात फुटांना २५ किलोंच्या पुढे भरतं. कापून लहान केलं तरी कापलेल्या कडेतून पाणी शिरायला वाट होते. पीव्हीसीचं दार आतून पोकळ असतं, कापल्यावर कडेला स्क्रू धरायला काही उरत नाही. सेक्शनच्या दाराचे कोपरे घरात वर्षानुवर्षं टिकतात, कारण घर हलत नाही. ट्रेलर मात्र प्रत्येक खड्ड्याला थरथरतो आणि कोपऱ्यातले रिव्हेट हळूहळू सैल होतात. घरचं दार घराच्या कामाचं आहे, त्यात त्याचा दोष नाही.

चौथा: स्वतः करायचं. आम्ही हाच घेतला. बेळगावात उद्यमबागेसारखी वसाहत हाताशी असताना, नळी कापून वेल्डिंग करून देणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही.

आमच्या दाराची रचना

२५ बाय २५ मिमीच्या ॲल्युमिनियम नळीची चौकट, मध्ये दोन आडव्या नळ्या. बाहेरून १.२ मिमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून ४ मिमीचं प्लायवूड, मधल्या पोकळीत उष्णता अडवणारा फोम. वजन नऊ-दहा किलो, खटका आणि छोटी काच धरून थोडं जास्त. प्लायवूड घेताना शिक्का बघा. आयएस ७१० हा मरीन प्लायवूडचा भारतीय मानक क्रमांक आहे. आतल्या बाजूला आहे म्हणून साधं घेऊ नका, चार माणसांच्या श्वासातली वाफ पहाटे याच दारावर पाणी होऊन ओघळते.

ॲल्युमिनियम उन्हात वाढतं. १६० सेंमीचं दार थंडीतल्या पहाटेच्या १० अंशांवरून उन्हात तापून ६० अंशांवर गेलं तर जवळजवळ दोन मिमी लांब होतं. म्हणून सुतार घरच्या दाराला ठेवतो तशी अगदी चिकटती फट इथे चालत नाही. चारही बाजूंनी ५ मिमी मोकळी ठेवली आणि ती बुजवायचं काम रबरावर सोपवलं. लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमला थेट लावले की ओलाव्यात पांढरी भुकटी धरते, म्हणून स्टेनलेसचे स्क्रू आणि खाली नायलॉनचा वायसर. गोव्याच्या किनाऱ्यावर वरचेवर जाणार असाल तर ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचं स्टेनलेस घ्या, खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं.

भिंतीत दाराएवढं भोक पाडलं की ती कमकुवत होते, हे विसरून चालत नाही. भोकाभोवती नळीची पूर्ण चौकट फिरवली आणि ती थेट चॅसीला बोल्टने जोडली. कोपरे काटकोनात न कापता गोल कापले, कारण भेगा नेहमी टोकदार कोपऱ्यातून सुरू होतात. मग कर्ण मोजले. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे चौकट गुण्यात आहे. पण एवढ्यावर थांबू नका. एका चाकाखाली जॅक लावून ट्रेलर तिरपा करा आणि कर्ण परत मोजा. रस्त्यावर चॅसी अशीच पिळवटते. आमच्याकडे तीन मिमीचा फरक आला. पाच मिमीच्या फटीत तो मावतो. फरक फटीपेक्षा जास्त येत असेल तर दार रस्त्यात अडकणार हे नक्की समजा, आणि भिंत लावण्याआधी चॅसीला आडवी नळी वाढवा.

आंबोलीच्या पावसासाठी

आमची पहिली सहल आंबोलीला ठरली आहे, आणि आंबोलीचा पाऊस आपल्याला कोणी सांगायला नको. पाणी दारातून धो-धो आत येत नाही. ते छपरावरून पत्र्याला चिकटून खाली सरकतं आणि फट दिसली की वळून आत जातं. म्हणून पहिली अडवणूक फटीच्या वरच हवी. दारावर चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी थोडी लांब अशी एक पन्हळपट्टी लावली. पाणी तिथेच सुटून बाजूला पडतं, कौलारू घराच्या पागोळीसारखं.

दुसरी अडवणूक रबराची. गाड्यांच्या दाराला असतं तसं पोकळ ईपीडीएम रबर मीटरवर मिळतं. दार मिटल्यावर ते साधारण एक तृतीयांश दबलं पाहिजे. कमी दबलं तर पाणी येतं, फार दबलं तर दार आपटूनच लावावं लागतं आणि रबर लवकर मरतं. रबराचा जोड वरच्या बाजूला कधीच घेऊ नका, खालच्या मध्यावर घ्या. तिसरी अडवणूक उंबरठा. तो बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा आणि त्यात दोन-तीन छोटी भोकं पाडा. इतकं करूनही थोडं पाणी आत आलंच तर त्याला परत जायला वाट हवी.

चौकट आणि भिंत यांच्यामध्ये ब्यूटाइल टेप वापरली. ती कायम मऊ राहते, त्यामुळे भिंत हलली तरी सोडत नाही. आणि पुढे कधी चौकट काढायची वेळ आली तर निघतेही. सिलिकॉन एकदा माखलं की त्याच्या अंशावर दुसरं काही नीट चिकटत नाही.

तपासायला दोन घरगुती युक्त्या. रबराला खडू फासा, दार मिटून उघडा आणि चौकटीवर उमटलेली रेघ बघा. जिथे ती तुटली तिथे पाणी येणार. दुसरी, कागदाची पट्टी मध्ये ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. सगळीकडे सारखाच जोर लागला पाहिजे. त्यानंतर बागेच्या नळीने दहा मिनिटं पाणी मारा, वरून आणि बाजूनेही.

दार नीट मिटलं, आता हवा?

दार जितकं चांगलं बसेल तितकी आतली खोली हवाबंद होते. चार माणसं, एक छोटी खोली आणि पाऊस म्हणून सगळं बंद, हे घातक ठरू शकतं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. कोळसा किंवा इंधन अपुऱ्या हवेत जळलं तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास. म्हणून दाराच्या तळाशी एक जाळी ठेवली आहे आणि समोरच्या भिंतीत वर दुसरी. दोन्ही मुद्दाम अशा निवडल्या की बंद करताच येत नाहीत. थंडी वाजली तर एक चादर जास्त घ्यायची. सिलेंडर बाहेरच्या कप्प्यात. शेगडी पेटवून ऊब घेणं, कितीही गारठा असला तरी, नाही म्हणजे नाही.

याच कारणाने ओटा दाराजवळ घेतला नाही. झोपलेला माणूस आणि दार यांच्या मध्ये आग लागण्यासारखी कुठलीही वस्तू नको. शिवाय समोरच्या भिंतीची खिडकी पूर्ण उघडणारी आणि घरातला सर्वांत धिप्पाड माणूस बाहेर पडेल एवढी घेतली आहे. तो माणूस मीच असल्यामुळे माप घेणं सोपं गेलं.

कडी आतून, आणि प्रत्येकाच्या हाताला

दार म्हटलं की आपल्याला बाहेरून कडी-कोयंडा आणि त्यात कुलूप सुचतं. ट्रेलरवर तो लावू नका. आत कोणी झोपलेलं असताना बाहेरून कोणी सवयीने किंवा खोडसाळपणे कडी घातली तर आतल्या माणसाच्या हातात काही उरत नाही. बाहेरून किल्ली लागेल, पण आतून किल्लीशिवाय एका हालचालीत उघडेल असाच खटका घ्या. चोराची काळजी रास्त आहे, पण चोर नेतो ते परत घेता येतं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रोग्रॅम ग्राहकाला देण्याआधी चाचणी घेतो. या दाराची चाचणी घरच्यांनी दिली. शेडमधले दिवे बंद केले, प्रत्येकाने डोळे मिटून गादीवर आडवं व्हायचं आणि उठून एकट्याने दार उघडून बाहेर यायचं. बायकोला काही सेकंद लागले. मुलीचा हात खटक्यापर्यंत पोचत होता, पण तो ओढायला तिचा जोर कमी पडला. म्हणून खटका पंधरा सेंमी खाली घेतला आणि त्याला हातभर लांबीचा जाड नायलॉनचा पट्टा बांधला, अंधारातही सापडेल असा. दुसऱ्या वेळी ती पट्ट्याला लोंबकळली आणि दार उघडलं. बाबा सगळ्यांत शेवटी आले. मूठ धरून, एक-एक पायरी करत, कोणाचाही हात न घेता.

डासांची जाळी राहिली. गोव्याकडे उतरलात तर तिच्याशिवाय रात्र निघणार नाही. मधोमध चुंबकाने मिटणारी जाळी घ्या, नुसतं ढकललं की उघडते. चेन असलेली जाळी अंधारात आणि घाईत अडवते.

एवढं झालं की भिंतीचा पत्रा कापायला घ्या. दार हातात आहे, माप पक्कं आहे, आणि त्यातून कोण कोण ये-जा करणार हेही पक्कं आहे. एक नियम मात्र सर्वांसाठी: ट्रेलर ओढला जात असताना आत कोणीही बसायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. सगळे गाडीत, पट्टे लावून.

पुढच्या महिन्यात खिडक्या आणि छपरावरचा झरोका. तोवर तुमच्या ट्रेलरच्या कागदावर दाराची उंची लिहा, आणि लिहिण्याआधी घरातल्या सर्वांत थोरल्या आणि सर्वांत धाकट्या माणसाला एकदा विचारा.